पापुआ न्यू गिनीत खाणींवर काम करायला निघण्याआधी

तुम्ही विचारलंय की पुण्यातून मानवशास्त्रात एम.ए. झालंय, गडचिरोलीतल्या सुरजागडच्या खाणीवर प्रबंध लिहिलाय, आता ऑस्ट्रेलियात पीएचडी करून पापुआ न्यू गिनीतल्या खाणींचा अभ्यास करायचाय. यात करिअर होईल का आणि तयारी काय करावी? मी चौदा वर्षांपूर्वी याच वाटेने कॅनबेराला आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

करिअर होतं. पण विद्यापीठांत कायमच्या जागा फार थोड्या, त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांचं घर खाण कंपन्यांच्या सल्लागारीवर चालतं. खरा पेच तिथेच आहे.

पापुआ न्यू गिनीतली सुमारे ९७ टक्के जमीन अजूनही कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. खालचं खनिज मात्र कायद्याने सरकारचं. मोबदला वाटायला कंपनीला ‘जमीनमालकां’ची यादी लागते. तेल आणि वायूच्या परवान्यासाठी तर जमीन कोणाची हे शोधणारा अभ्यास १९९८च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. तो करायला मानवशास्त्रज्ञ बोलावतात. पोर्गेराच्या सोन्याच्या खाणीजवळचे इपिली लोक आईकडून, बापाकडून, आजीकडूनही नातं सांगतात, आणि ते सगळं खरं असतं. तुमचा वंशावळीचा तक्ता मात्र कुठेतरी रेघ ओढतो.

माझ्या पहिल्या कामात एका घराण्याची अख्खी शाखा माझ्या वंशावळीतून सुटली. ती माणसं त्या महिन्यात दुसऱ्या खोऱ्यात, बागांवर गेली होती. तक्ता कंपनीकडे गेला आणि करारातल्या कलमामुळे मला दुरुस्त करता आला नाही. पुढच्या खेपेला त्या घरातली म्हातारी भेटली. भांडली नाही. माझ्या वहीत आपल्या आईचं नाव मात्र तिने लिहून घ्यायला लावलं. ती वही अजून माझ्या टेबलावर असते.

म्हणूनच तिथल्या बूगनव्हिल बेटाचा इतिहास नीट वाचा. पांगुनाची तांब्याची खाण १९७२ ते १९८९ चालली. तिथे जमिनीचा हक्क आईकडून येतो, पण पैसे ठरावीक नोंदलेल्या नावांवर जायचे, बऱ्याचदा पुरुषांच्या. १९८७ मध्ये परपेटुआ सेरेरो आणि फ्रान्सिस ओना यांच्या पिढीने जमीनमालकांच्या संघटनेतल्या जुन्या मंडळींविरुद्ध वेगळी संघटना उभी केली. १९८८च्या अखेरीस खाणीला वीज पुरवणारे मनोरे उडवले गेले, आणि मग जवळपास दहा वर्षं युद्ध. मानवशास्त्रज्ञ कॉलिन फायलर यांचं म्हणणं असं की मोबदल्यानेच समाज आतून उसवला. मला ते पटतं, पण पुरेसं वाटत नाही. खाणीच्या गाळाने जाबा नदी मेली होती, हा रागही तितकाच खरा होता.

ओक टेडीच्या तांब्याच्या खाणीवर १९८४ मध्ये गाळ अडवणारं बांधकामच कोसळलं आणि पुढे कचरा थेट नदीत जात राहिला. मानवशास्त्रज्ञ स्टुअर्ट किर्श तिथल्या योंगोम लोकांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. १९९६ मध्ये कंपनीविरुद्धच्या खटल्यात तडजोड झाली. कंपनीत राहून सुधारणा करू पाहणारेही प्रामाणिक लोक मी पाहिलेत. तुम्ही कुठे उभ्या राहणार, हे निघण्याआधी ठरवा.

संशोधनाचा व्हिसा पोर्ट मोर्सबीच्या नॅशनल रिसर्च इन्स्टिट्यूटमार्फत मिळतो, प्रांताची संमतीही लागते. त्यासाठी काही महिने हाताशी ठेवा. टोक पिसिन ही तिथली सामायिक बोलभाषा निघण्याआधीच शिकायला घ्या. देशात आठशेच्या वर भाषा आहेत, त्यामुळे गावाची बोली वेगळी शिकावीच लागेल. किनाऱ्यावर मलेरिया, पोर्गेराकडे कडाक्याची थंडी.

गडचिरोलीचा अनुभव उपयोगी पडेल, पण तिथला विरोधाचा साचा घेऊन जाऊ नका. पापुआ न्यू गिनीत पुष्कळ गावांना खाण हवी असते, रस्ता आणि दवाखाना तिच्याकडूनच येईल म्हणून. भांडण वाट्याचं असतं.

सल्लागारीचा पहिला करार हाती आला की सही करण्याआधी मला पाठवा. वंशावळीची एक प्रत गावात राहील आणि गावाला ती दुरुस्त करता येईल, हे कलम त्यात घालून घेऊ.