स्कॅन केलेले कृष्णधवल फोटो लेझर प्रिंटरवर काळपट का येतात?

आपण लिहिले आहे की, कुटुंबाच्या स्मरणिकेसाठी ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) स्कॅन केलेले जुने फोटो पडद्यावर स्वच्छ दिसतात, मात्र लेझर प्रिंटरवर छापताना चेहरे काळवंडतात आणि प्रिंटरची डेन्सिटी (छपाईचा गडदपणा) कमी केली की सोबतचा मजकूरही फिका पडतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, डेन्सिटी मूळच्या जागी न्यावी आणि दुरुस्ती फोटोच्या मधल्या छटांमध्ये करावी.

कृष्णधवल लेझर प्रिंटरकडे करडा रंग नसतोच. काळ्या टोनरच्या बारीक ठिपक्यांनी तो करड्याचा भास निर्माण करतो. 600 डीपीआयच्या (इंचाला 600 ठिपके छापणाऱ्या) प्रिंटरने एका छटेसाठी 8×8 ठिपक्यांचा चौकोन धरला, तर कोऱ्या कागदासह 65 छटा मिळतात आणि या चौकोनांची जाळी इंचाला 75 ओळींची होते. 16×16 धरल्यास छटा 257 होतात, परंतु जाळी इंचाला जेमतेम 37 ओळींवर येऊन डोळ्यांना खुपू लागते. त्यातच प्रत्येक ठिपका कागदावर थोडा फुगतो, त्यामुळे मधल्या छटा सर्वांत जास्त गडद होतात, आणि चेहरे बहुधा याच छटांमध्ये असतात.

म्हणून आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांची एक पट्टी तयार करून, टोनर वाचवण्याचा पर्याय बंद ठेवून, स्मरणिकेच्याच कागदावर छापावी. 90 आणि 100 टक्क्यांच्या पायऱ्या एकजीव दिसत असतील, तर गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील लेव्हल्सच्या (छटा बदलण्याच्या) खिडकीत आउटपुटचा 0 हा आकडा 25 करावा. त्यानंतर मधला आकडा 1 वरून 1.2 किंवा 1.3 पर्यंत वाढवत चेहरा उजळेपर्यंत छापून पाहावे. पडद्यावर हा फोटो फिकट वाटेल, पण निर्णय कागदाकडे पाहूनच घ्यावा. हे सर्व प्रतीवर करावे. मूळ स्कॅन टिफ या फाइल-स्वरूपात जसेच्या तसे जपावे, कारण असे फोटो पुन्हा हाती येतीलच असे नाही.

त्याच आकारात छापायचे असल्यास 200 डीपीआयचा स्कॅन पुरतो, दुप्पट मोठे करायचे असल्यास 400 चा घ्यावा. वर्तमानपत्रातील कात्रणे असतील, तर स्कॅनरमधील डीस्क्रीन (छापील ठिपक्यांची जाळी पुसणारा) हा पर्याय अवश्य चालू करावा, अन्यथा छापील जाळीवर प्रिंटरची जाळी चढून लाटांसारखे पट्टे उमटतात.

शक्य असेल तर सर्व प्रती प्रिंटरवरूनच काढाव्यात. एका प्रतीच्या झेरॉक्स काढल्यास ठिपके पुन्हा फुगतात आणि काळपटपणा परत येतो.