रेडिएटर नसलेल्या हॉलमध्ये वळायचं कुठं?

(वाचकांचे प्रश्न, बॉलरूम शिक्षिकेची उत्तरं)

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की साताऱ्याहून लग्न होऊन इंग्लंडला आलेली बाई सत्ताविसाव्या वर्षी वॉल्ट्झ हा जोडीनं नाचायचा बॉलरूम नाच शिकू शकते आणि पुढं प्रेस्टनजवळच्या एका चर्चच्या हॉलमध्ये पोरांना स्पर्धेसाठी तयारही करू शकते. त्यावर पत्रं आली. त्यातली चार इथं घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिची पहिली स्पर्धा झाली आणि वॉल्ट्झमध्ये ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली. तिच्यापेक्षा जास्त चुकणारी एक जोडी पुढं गेली, मी स्वतः पाहिलं. परीक्षकांना कारण विचारावं का? की टीचर बदलावी? आणि पुढच्या वेळी ड्रेसला थोड्या टिकल्या लावल्या तर उठून दिसेल का?
— एक आई, लेस्टर

उत्तर : ताई, टीचर राहू द्या आणि परीक्षकांना तर मुळीच गाठू नका. आधी ते लोक काय पाहतात ते ऐका.

फ्लोअरवर बारा जोड्या आहेत आणि गाणं साधारण दीड मिनिटाचं आहे असं धरा. एका जोडीच्या वाट्याला साडेसात सेकंद येतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत परीक्षक गुण देतच नाहीत. यातल्या सहा परत बोलवा, असं त्यांना सांगितलेलं असतं आणि ते नंबरासमोर फुली मारत जातात. म्हणजे तुम्ही ज्या जोडीच्या चुका मोजल्या, तिच्या चुका परीक्षकाच्या साडेसात सेकंदांत आल्याच नसतील. त्यांनी पाहिलं असेल ते एवढंच : मुलं तालात आहेत का, सरळ उभी आहेत का, एकमेकांना ओढत तर नाहीत ना. तुमच्या मुलीचा तालच चुकत असेल, तर मात्र बाकी कितीही गोड असो, उपयोग नाही. हे टीचरला विचारा, त्या खरं सांगतील.

अंतिम फेरीचा हिशेब तर याहून वेगळा. समजा पाच परीक्षक आहेत. तिघांनी एका जोडीला पहिला नंबर दिला आणि उरलेल्या दोघांनी सहावा. दुसऱ्या एका जोडीला पाचही जणांनी दुसरा दिला. बेरीज केली तर पहिलीचे पंधरा, दुसरीचे दहा, आणि आपण म्हणणार दहावाली जिंकली. पण नाही, पंधरावाली जिंकते, कारण पाचांतल्या तिघांनी तिला पहिली मानलं. या पद्धतीला स्केटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याला बेरजेची सवय मार्कशीटनं लावलीय, इथं ग्रामपंचायतीसारखं बहुमत चालतं. पालकांना हे एकदा कागदावर मांडून दाखवलं की निम्मी भांडणं मिटतात, हा माझा अनुभव.

टिकल्या नकोत. बारा वर्षांखालच्या गटांना जागतिक नृत्यक्रीडा महासंघाच्या नियमांत चमचम चालत नाही. टिकल्या नाहीत, खडे नाहीत, मेकअप नाही, मुलींच्या बुटाची टाच साडेतीन सेंटीमीटरपर्यंतच. तुमच्या स्पर्धेचं नियमपत्रक वेगळं असेल तर ते वाचा, पण लहान गटात साधेपणाच अपेक्षित असतो. आपल्या गॅदरिंगच्या मानानं फारच फिकं वाटतं खरं. मला मात्र हा नियम मनापासून आवडतो.

आणि घरी जाताना गाडीत काय बोलता? माझ्या पालकांना मी एक अट घातलीय : हमरस्त्यावरचं पहिलं सर्व्हिस स्टेशन येईपर्यंत मोठ्यांनी नाचाचा विषय काढायचा नाही. मुलीनं काढला तर बोला. बहुतेक मुली चिप्सचा काढतात.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात मुलांना बॉलरूम शिकवते. स्पर्धा सहा आठवड्यांवर आली आहे. आमच्या हॉलमध्ये मुलं छान नाचतात, पण मागच्या वेळी परक्या ठिकाणी सगळं विसरली. शेवटच्या दिवसांत नक्की काय करून घ्यावं? दुसरी अडचण म्हणजे माझ्याकडे आठ मुली आणि एकच मुलगा आहे.
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : मुलं विसरली नाहीत हो. त्यांच्या खुणा हरवल्या.

माझ्या हॉलच्या एका भिंतीला रेडिएटर, म्हणजे खोली गरम ठेवायचं यंत्र, आहे आणि समोर चहा द्यायची खिडकी. ब्लॅकपूलला विंटर गार्डन्सच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये ईस्टरच्या सुमारास मुलांचा महोत्सव भरतो. मोठ्यांचा तिथला महोत्सव १९२० पासूनचा, मुलांचा १९४७ पासूनचा. छत पाहूनच पोरांची मान मागं पडते. माझी दहा-अकरा वर्षांची एक जोडी पहिल्यांदा तिथं उतरली. पहिली लांब बाजू अशी गेली की मी हातातला रुमाल सोडला. कोपऱ्यात आल्यावर मुलगा थबकला. संगीताचा एक बार, म्हणजे तीन मात्रांचं आवर्तन, गेला, दोन गेले, मागची जोडी येऊन धडकली. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाला, ‘‘मिस, रेडिएटर नव्हता.’’

चार महिने मी त्यांना एकाच कोपऱ्यातून सुरुवात करायला लावत होते. पोरगं पावलं मोजत नव्हतं, फर्निचर मोजत होतं. दोष सगळा माझा.

तेव्हापासून शेवटचे सहा आठवडे सुरुवातीची जागा रोज बदलते. कधी लांब बाजूच्या मध्यावरून, कधी आखूड बाजूनं, कधी थेट कोपऱ्यातून. संगीत मध्येच बंद करते आणि तिथूनच पुढं न्या म्हणते. खुर्च्या मांडते. पालक घ्यायला लवकर आले की त्यांनाच फ्लोअरवर उभं करते आणि घड्याळाच्या उलट दिशेनं, म्हणजे नाच जातो त्याच दिशेनं, रमतगमत चालायला लावते. बाप लोक फार चांगले अडथळे असतात, कुठं थांबतील सांगता येत नाही. समोर जोडी आली की वॉल्ट्झमध्ये हेझिटेशन चेंज, म्हणजे जरा रेंगाळायचं पाऊल, घालून श्वास घ्यायचा आणि वाट मोकळी झाली की पुढं, हे मुलाला झोपेतही करता आलं पाहिजे.

नवीन काही घालू नका. एका वर्षी स्पर्धेच्या चार दिवस आधी मी एका जोडीच्या क्विकस्टेप या जलद नाचामध्ये एक झोकदार वळण घातलं, कारण शेजारच्या स्कूलच्या मुलांचं पाहून मला राहवलं नाही. चार दिवसांनी त्या दोघांना जुनं अर्धवट आठवत होतं आणि नवं अर्धवट. आता शेवटच्या पंधरा दिवसांत मी फक्त काढते. जे पाऊल दहातल्या आठ वेळाच जमतंय ते जातं. रूटीन आखूड झालं की मुलं खांदे खाली सोडतात, हे समोर दिसतं.

तालाचं सांगते, कारण ही आपल्या मुलांची खास भानगड आहे. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, मिनिटाला अठ्ठावीस ते तीस बार. मराठी मुलांना मी दादऱ्यावरून शिकवायला सुरुवात केली : धा धी ना, धा ती ना. आठवड्यात पावलं बसली आणि मी खूश झाले. मग लक्षात आलं की आमच्या दोन मुली दर दुसऱ्या बारचं पहिलं पाऊल हलकं टाकताहेत. अर्थात टाकणार, दादऱ्याच्या चौथ्या मात्रेवर खाली आहे ना! वॉल्ट्झला खाली नाही, प्रत्येक तीनमधली पहिली मात्रा तितकीच जड. तेव्हा दादरा पहिल्या आठवड्यापुरता वापरा आणि मग सोडवा. उठण्याचंही, म्हणजे टाचा उचलून उंच होण्याचंही, तसंच. एकच्या शेवटी उठायला सुरुवात करायची, दोन आणि तीनवर उठत राहायचं, तीनच्या शेवटी उतरायचं. मुलं दोनवर टुणकन वर जातात आणि तीनवर त्यांच्याकडे करायला काही उरत नाही.

दमाचं विसरू नका. आठवड्यातून एकदा सगळे नाच ओळीनं, प्रत्येकी दीड मिनिट, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. चुकलं तरी थांबवू नका. मला स्वतःला तोंड बंद ठेवायला जमत नाही म्हणून मी त्या वेळी चहाच्या खिडकीमागं जाऊन बसते.

लहान मुलींना ‘मान डावीकडे, पाठ मागं’ असं ओरडून वाकवू नका. मोठ्यांच्या व्हिडिओत दिसतो तो बाक वर्षानुवर्षांच्या ताकदीतून आलेला असतो. दहा वर्षांची मुलगी त्याची नक्कल कंबरेतून करते आणि रात्री पाठ धरून बसते. सरळ उभं राहणं लहान गटात पुरतं.

आठ मुली आणि एक मुलगा? माझ्याकडे एके काळी अकरा आणि शून्य होते. सगळ्यांना दोन्ही बाजू शिकवा, पुढं नेणारी आणि मागं जाणारी. इंग्लंडमध्ये मुलींच्या जोड्या क्लासात सर्रास नाचतात. तुमच्या स्पर्धेत चालतं का ते आयोजकांकडून लेखी घ्या. आणि त्या एकट्या मुलाला आठ जणींत वाटू नका, पोर पळून जाईल.

प्रश्न : मी १४ वर्षांचा आहे. आमच्याकडे वसईत लग्नात सगळेच वॉल्ट्झ आणि जाईव्ह करतात, त्यातूनच मला आवड लागली आणि आता मुंबईत लॅटिन नाच शिकतो. माझी पार्टनर १५ वर्षांची आहे. या वर्षात ती माझ्यापेक्षा चार इंच उंच झाली. ती दुसऱ्या मुलाबरोबर ट्रायल देते आहे असं मला क्लासमधल्या एकाकडून कळलं. दोन महिन्यांनी स्पर्धा आहे. मी घरी सांगितलेलं नाही.
— वसई

उत्तर : अरे, आधी घरी सांग. आजच, जेवताना. क्लासची फी आणि लोकलचा पास ज्यांच्या खिशातून येतो त्यांना हे कळायलाच हवं, आणि तू हे एकट्यानं पोटात ठेवून रंबा करणार असशील तर तो रंबा दिसणार कसा?

आमच्या या दुनियेत पार्टनर शोधणं म्हणजे वधू-वर सूचक मंडळच. उंची, वय, गाव, आईवडिलांची खर्चाची तयारी. आणि तिथल्यासारखंच, मुलांना शेवटी कळतं. मोठ्यांनी एकमेकांशी फोनवर ठरवायचं आणि मुलानं लॉकरपाशी ऐकायचं, ही पद्धत मला मुळीच पसंत नाही. तुझ्या शिक्षकांनी तुला समोर बसवून सांगायला हवं होतं.

पण तिची बाजूही बघ. वयोगट जन्मवर्षावरून ठरतो, आणि जोडीचा गट मोठ्या पार्टनरच्या वयावरून. पुढच्या वर्षी ती सोळाची होईल, म्हणजे सोळा ते अठराच्या गटात जाईल, आणि तिच्याबरोबर पंधरा वर्षांचा तूही. तुला तिथं मिसरूड फुटलेल्यांबरोबर उभं राहावं लागेल. कदाचित उंचीपेक्षा हेच कारण असेल. कदाचित नसेलही, ते तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. विचार. ‘‘तू ट्रायल देते आहेस का?’’ एवढंच. रागानं नको आणि व्हॉट्सॲपवर तर नकोच. दुसरं वाक्य असं : ‘‘ही स्पर्धा आपण करायची का?’’ ती हो म्हणाली तर दोन महिने पुरे मनानं नाचा, नंतर हसतमुखानं वेगळे व्हा. ही जगं फार लहान असतात, तीच मुलगी पाच वर्षांनी पुन्हा तुझी पार्टनर झाली तर आश्चर्य वाटू देऊ नकोस.

उंचीचं म्हणशील तर लॅटिनमध्ये चार इंच निभतात. फक्त दोन गोष्टी करू नकोस. चवड्यांवर चढून उंच व्हायला जाऊ नकोस आणि तिला हाताखालून फिरवताना खांदा कानाला लावू नकोस. हात तिच्या डोक्यावरून जायला हवा असेल तर पाव मात्रा लवकर निघ. माझ्याकडचा एक मुलगा चौदाव्या वर्षी तुझ्याच परिस्थितीत होता, रोज रडकुंडीला यायचा. सोळाव्या वर्षी दाराच्या चौकटीत वाकून आत येऊ लागला.

प्रश्न : नात मँचेस्टरला असते, अकरा वर्षांची. उन्हाळ्यात तीन आठवडे माझ्याकडे मिरजेला येणार आहे. परत गेल्यावर लगेच तिची स्पर्धा आहे, आणि सून म्हणते सराव बुडेल म्हणून येणंच रद्द करू. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. इथं तिचा सराव कसा घेता येईल?
— एक आजी, मिरज

उत्तर : आजी, येऊ द्या तिला. सुनेला माझं नाव सांगा. तीन आठवड्यांत पावलं विसरत नाहीत. उलट सतत तेच करून कंटाळलेली मुलं सुट्टीनंतर ताजी येतात.

तिच्याशी फुगडी खेळा, गुडघे साथ देत असतील तर. नाहीतर शेजारची एखादी पोर बोलवा. मी लँकाशायरच्या गोऱ्या पोरांना दर शनिवारी फुगडी घालायला लावते. हात धरून मागं रेलायचं, पाय जवळ, आणि समोरचीचा भार आपल्या भाराइतकाच आहे की नाही ते हातांतून ओळखायचं. बॉलरूममध्ये असं रेलत नाहीत, तिथं ज्यानं त्यानं आपल्या पायांवर उभं राहायचं असतं. पण समोरच्या माणसाचं वजन आत्ता कुठं आहे हे जाणवणं, ते फुगडीत पाच मिनिटांत कळतं आणि मला इंग्रजीत सांगायला अर्धा तास लागतो.

आणि संध्याकाळी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला चालायला लावा. पुढं जाताना टाच आधी टेकवायची, मागं येताना पायाचा अंगठा आधी. तुम्ही आपल्या सुपारी कातरत बसा. तिचा पाय आपटल्याचा आवाज आला की सांगा, बाकी काही बोलू नका. उलटं चालताना पायरीचं तेवढं सांभाळा.