महाराष्ट्रातले ज्यू लोक सणाला काय बनवतात? त्यांच्याकडेही हल्ला पाव, केक वगैरे भाजतात का?

भाजत नाहीत. निदान आमच्या घरात तरी कोणी कधी भाजल्याचं मला आठवत नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे अलिबाग, पेण, रोह्याकडचे ज्यू. आडनावंही गावांवरूनच पडलेली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर. कोकणातल्या घरात चूल, तवा आणि कढई. भट्टी असणार कुठून? तुम्ही म्हणता तो वेणी घातलेला हल्ला आईनं पहिल्यांदा पाहिला तो इस्राएलला, मावशीकडे. खाऊन म्हणाली, "पावच आहे की."

आमच्याकडे सण ओळखायचा तो चिकाच्या हलव्यावरून. रोश हशाना, म्हणजे ज्यू नवं वर्ष, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं. जुनी माणसं त्याला 'नव्याचा सण' म्हणतात. सफरचंद नि मध आमच्याकडेही असतो, पण पोरांचं लक्ष हलव्याच्या ताटाकडे. कुरडयांना काढता तोच गव्हाचा चीक. आमचं घरचं प्रमाण अर्धा किलो गव्हाला चार नारळ आणि किलोभर साखर. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं (विसरलात तर शेजारी येऊन विचारतील). मग वाटून, पिळून, फडक्यातून गाळून रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र चीक. तो नारळाच्या दुधात आधी गारच कालवून घ्यायचा. मी पहिल्यांदा केला तेव्हा घाईनं तापलेल्या दुधात ओतला आणि गुठळ्या फोडता फोडता हात भरून आले. साखर, चिमूटभर मीठ आणि थोडा गुलाबी रंग घालून मंद आचेवर ढवळत बसायचं. दीड-दोन तास, पाळीपाळीनं. गोळा कडा सोडून चकाकायला लागला की वेलदोडा घालून ताटात थापायचा, वर बदाम-पिस्ते.

नारळाचंच दूध का, तर मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असं तोरामध्ये, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, तीनदा सांगितलंय. सणाला मटण तर हवंच, मग गोड पदार्थात गाईचं दूध कसं घालणार? ताटाला हातसुद्धा तुपाचा लावत नाहीत, तेलाचा लावतात. तसंही तेलाचे घाणे आमचेच होते. शनिवारी, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवशी, शब्बाथला, घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं आम्हाला 'शनिवार तेली' हे नावच दिलं.

सणांची जुनी मराठी नावं ऐकलीत तर तुम्हाला स्वयंपाकच ऐकल्यासारखं वाटेल. नव्याच्या सणानंतर दोन-चार दिवसांत खिरीचा सण, अर्थात खीर नारळाच्या दुधातली. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवसाला बिरड्याचा सण, कारण तेव्हा मांस वर्ज्य आणि जेवणात वालाचं बिरडं. पुरीम होळीच्या आसपास येतो, म्हणून तो होळीचा सण, आणि त्या दिवशी पुरणपोळी. वल्हांडणाला (पासोवर, मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण) म्हणायचे अनाशी ढाकाचा सण. अनाशी म्हणजे आंबट रसाचं भांडं. ते आठ दिवस झाकून ठेवायचं, कारण आंबवलेलं काही चालत नाही. तेव्हा आमच्याकडे तांदळाची भाकरी असते. युरोपातले अश्केनाझी ज्यू या दिवसांत भातालाही शिवत नाहीत. आम्हाला तसं सांगितलं असतं तर कोकणी माणूस उपाशीच मेला असता. मात्र चिकाचा हलवा त्या आठवड्यात अजिबात नाही. तीन दिवस पाण्यात राहिलेला गहू म्हणजे आंबलेलाच.

द्राक्षाची वाईन पूर्वी कोकणात मिळत नसे. म्हणून शुक्रवारी रात्री आणि सणाला वाईनवर म्हणायची किद्दुशची प्रार्थना आम्ही म्हणतो ती काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून केलेल्या शरबतावर. आज दुकानात सगळं मिळतं, तरी आमच्या घरी मनुकाच भिजतात.

आणि मलिदा. दर्ग्यात मिळतो तो चुरम्यासारखा मलिदा वेगळा. आमचा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, सुका मेवा, भोवती फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलियाह, याच्या नावानं ताट भरतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, तिथंही लोक मलिदा घेऊन जातात. यात शिजवायचं काहीच नाही, त्यामुळे तुम्हाला घरी काही करून बघायचं असेल तर इथूनच सुरू करा. जाडे पोहे घ्या, पातळ्यांचा लगदा होतो.

हलवाच करणार असाल तर एकच सांगते: तो फ्रीजमध्ये ठेवू नका, दगड होतो. जाळीखाली ओट्यावर दोन-तीन दिवस राहतो. आमच्याकडे त्याच्या आत संपतो.