काँक्रीटची कमान 'कोरलेली' की 'ओतीव'?

प्रश्न असा आला आहे: पुलांच्या सौंदर्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना काँक्रीटच्या कमानीला 'कोरलेली', 'घडीव' अशी विशेषणं लावली तर चालतील का? आणि असा पूल 'बांधला' म्हणावं की 'ओतला'?

क्रियापदाचं आधी उरकतो. पूल बांधतात, धरण बांधतात, मग माल कुठलाही असो. 'पूल ओतला' असं कुणी म्हणत नाही, म्हणू नये. गंमत अशी, की काँक्रीटच्या कामात शब्दशः बांधली जाते ती सळई. बारीक तारेच्या गाठी मारून सळयांचा सांगाडा बांधतात, सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटचा तात्पुरता साचा, ठोकतात आणि मग काँक्रीट ओततात किंवा टाकतात. स्लॅब मात्र 'पडतो'. 'काल स्लॅब पडला' हे साइटवर आनंदानं सांगतात. तेच वाक्य वर्तमानपत्रात आलं तर वाचणारा आधी किती जण सापडले ते शोधतो. तेव्हा लिहिताना 'स्लॅब टाकला' आणि 'स्लॅब कोसळला' असं वेगवेगळं लिहिलेलं बरं.

आता विशेषण. 'घडीव' हा पाथरवटाचा शब्द. नको तेवढा दगड टाकीनं उडवला की घडीव चिरा उरतो. लेणं कोरतात तेही असंच, काढून टाकत. 'ओतीव' हा ओताऱ्याचा शब्द: आधी पोकळी तयार, मग तिच्यात रस. काँक्रीट उघडच ओताऱ्याच्या घरातलं. म्हणून 'ओतीव कमान' हा प्रयोग बरोबर. 'कोरलेली' म्हटलं की कामाची दिशाच उलटी होते. कारण इथं आकार काँक्रीट येण्याआधी लाकडात उभा असतो, आणि ते लाकूड नंतर काढून टाकायचं असतं.

स्वित्झर्लंडमधला शियर्सजवळचा साल्जिनाटोबेल पूल बघा. रोबेर मायार या इंजिनिअरनं तो १९३० साली पुरा केला. कमानीचा गाळा, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, ९० मीटरचा. कमान दोन्ही टोकांना आणि माथ्यावर बारीक, टोक आणि माथा यांच्या मधल्या भागांत जाड. हे नक्षीसाठी नाही. त्या तीन ठिकाणी बिजागरी आहेत, तिथं वाकवणारा जोर शून्य होतो, म्हणून तिथं माल कमी लागतो. त्याखालची लाकडी परांची रिशार्ड कोराय यानं उभारली होती. मायारनं आधी कमानीचा तळचा पातळ पट्टाच ओतला. तो कडक झाल्यावर वरच्या भिंतींचा भार त्यानंही उचलला. त्यामुळे परांची हलकी ठेवता आली आणि खर्च वाचला. ओतण्याचा क्रम हाच इथं रचनेचा भाग आहे, आणि 'कोरलेली' या शब्दात नेमकं तेच हरवतं.

वास्तुकार फेलिक्स कँडेलाचं मेक्सिकोतल्या सोचिमिल्को इथलं १९५८ सालचं 'लोस मानान्तियालेस' हे उपाहारगृह तर आणखी बोलकं. त्याचं कवच जेमतेम ४ सेंटिमीटर जाडीचं, खोगिरासारखं दोन दिशांना वळलेलं. पण या पृष्ठभागाचा गुण असा, की तो सरळ रेषांनी भरून काढता येतो, म्हणजे सरळ फळ्या लावूनच साचा होतो. वक्रता दिसते काँक्रीटची, पण तिचं खरं श्रेय भूमितीचं आणि सुताराचं. अशा छतांना 'कवच' हा आपला शब्द छान बसतो. 'शेल' लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण कवच असताना कशाला?

फळ्यांचा ठसा तसाच ठेवायचा, गिलावा करायचा नाही, ही आवड वास्तुकार ल कॉर्ब्युझिएनं फ्रान्समधल्या मार्सेयच्या १९५२ सालच्या वसाहतीच्या इमारतीत ठसठशीतपणे मांडली. अशा कामाला तो फ्रेंचमध्ये 'बेताँ ब्रूत' म्हणे. ब्रूत म्हणजे कच्चं, संस्कार न केलेलं. उघड्या काँक्रीटच्या वास्तुशैलीला मिळालेल्या 'ब्रूटॅलिझम' या नावामागे मुख्यतः तेच आहे. त्याचं 'क्रूरवाद' असं भाषांतर दिसलं की मला हसावं की रडावं कळत नाही. 'उघडं काँक्रीट' म्हणा, हवं तर 'बिनगिलाव्याचं'. 'नग्न काँक्रीट' उगाच नाटकी वाटतं.

'घडीव'ला पूर्ण बंदी मात्र नको. येल विद्यापीठातल्या कला आणि वास्तुकलेच्या इमारतीत (१९६३) वास्तुकार पॉल रुडॉल्फनं काँक्रीटच्या भिंतींवर उभ्या कडा ओतून घेतल्या आणि कामगारांकडून त्या हातोड्यानं फोडून खडबडीत करवल्या. आतली खडी उघडी पडली. तिथं 'आधी ओतलेली, मग घडवलेली भिंत' असं बेलाशक लिहा. तुमच्या लेखातल्या कमानीवर तसा हातोडा चाललेला नसेल, तर 'ओतीव कमान' लिहा, आणि पूल 'बांधला'च राहू द्या.