थँक्सगिव्हिंगचा कॉर्नब्रेड: आधी यजमानांना विचारा, मग पीठ आणा

थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाला टेनेसीतल्या स्नेह्यांकडे कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा भाजलेला पाव, न्यायचाय, इंडियन स्टोअरच्या मक्याच्या पिठाचा करून पाहिला तर भुगा झाला, आणि सासूबाई अंडं खात नाहीत. तुमची अडचण एवढीच ना? मग पाककृती शोधण्याआधी यजमानीणबाईंना फोन करा आणि विचारा, "कॉर्नब्रेड पानात वाढायला हवाय की ड्रेसिंगसाठी?" ड्रेसिंग म्हणजे सॅलडवरचं नव्हे, टर्कीसोबत वाढतात तो भाजलेला पदार्थ; अमेरिकेच्या दक्षिणेत थँक्सगिव्हिंगला तो कॉर्नब्रेडचाच. कॉर्नब्रेड कुस्करायचा, परतलेला कांदा, सेलरी, सेज नावाचा सुगंधी पाला आणि टर्की (सणाला भाजतात तो मोठा पक्षी) किंवा चिकन उकळलेलं पाणी घालून पुन्हा भाजायचा. त्याला आदल्या दिवशीचा, वाळलेला आणि बिनसाखरेचा कॉर्नब्रेडच लागतो. गोड असला तर ड्रेसिंगची वाट लागते. पानात वाढायचा असेल तरी टेनेसीत साखर घालण्याआधी दहादा विचार करा. मैदा-साखरेचा, केकसारखा मऊ प्रकार उत्तरेकडचा. मलाही तो आवडतो, पण तो तिथे नेऊ नका.

आता पीठ. आपलं मक्याचं पीठ रोटीसाठी दळलेलं, फार बारीक, आणि स्टोअरमध्ये बरेच दिवस पडून असलं तर कडवटही. तुम्हाला हवं ते कॉर्नमील, हाताला बारीक रव्यासारखं लागणारं. मासा हरीना, म्हणजे मेक्सिकन टॉर्टियाचं मक्याचं पीठ, चालणार नाही, ते चुन्याच्या निवळीत शिजवलेल्या मक्याचं असतं. भारतात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतो तो तर नुसता स्टार्च. पाकिटावर 'सेल्फ रायझिंग' असेल तर त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच असतं, वरून घालू नका.

10 इंची तव्यासाठी 2 कप कॉर्नमील, पावणेदोन कप बटरमिल्क, 2 अंडी, पाव कप वितळलेलं लोणी, 1 टीस्पून मीठ, 1 टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा. बटरमिल्क म्हणजे आपलं पातळ ताक नव्हे, दुकानात मिळणारं दाट, आंबट. नसलंच तर सवा कप आंबट दही अर्ध्या कप पाण्यात घुसळून घ्या. कॉर्नमील त्यात 15 मिनिटं भिजू द्या. तुमचा भुगा झाला त्यात न भिजलेल्या पिठाचाही हात असणार. मक्यात ग्लूटेन नाही, त्यामुळे धरून ठेवायचं काम ओल आणि अंडं हेच करतात. सोडा आणि बेकिंग पावडर मात्र अगदी शेवटी, नाहीतर भिजेपर्यंतच सगळा फसफसून जातो.

बिडाचा तवा हवाच, जाड बुडाचा आणि उभ्या काठाचा. ओव्हन 425 फॅरनहाइटला लावतानाच तवा आत ठेवा. चांगला तापला की बाहेर काढून 2 चमचे तूप सोडा आणि लगेच पीठ ओता. चर्रर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर खालची खरपूस कड विसरा. तिकडे बेकनची चरबी वापरतात, पण तूपही तेवढा ताप सोसतं. नुसतं लोणी जळतं. 20-25 मिनिटांत कडा तव्यापासून सुटतात. आणि मूठ हातात धरण्याआधी जाड फडकं घ्या हो, ओव्हनमधून आलेल्या तव्याची मूठही तेवढीच तापलेली असते.

पानात वाढायचा कॉर्नब्रेड यजमानांकडेच भाजायचा, तर तिथला ओव्हन टर्कीने अडवलेला असतो. पण टर्की बाहेर काढल्यावर कापायच्या आधी अर्धा तास तरी मुरू देतात. तेवढ्यात तुमचा कॉर्नब्रेड होतो, फक्त हे आधी ठरवून घ्या. कॉर्नमील आणि मीठ घरून डब्यात न्या, सोडा आणि बेकिंग पावडर वेगळ्या पुडीत.

सासूबाईंसाठी वेगळ्या छोट्या भांड्यात, अर्ध्या प्रमाणात करा. 1 कप कॉर्नमीलपैकी पाव कप काढून तेवढा मैदा घाला, अंड्याच्या जागी 3 चमचे घट्ट दही. थोडा ठिसूळ होतो, म्हणून 15 मिनिटं थांबून मगच कापा. ड्रेसिंग त्यांना वाढू नका, त्यात टर्कीचं पाणी असतं. आणि तयार पाकिटातलं मिश्रण घेणार असाल तर डुकराची चरबी आहे का, ते लेबलवर पाहा.