आधी ‘कुठे’ ते विचार

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या कंपनीत कार्बनचं खातं एका टेबलावर, जैवविविधतेचं दुसऱ्या टेबलावर. साहेब म्हणतात, आधी कार्बन निपटू, निसर्गाचं पुढच्या वर्षी बघू. आणि तू मला विचारतेस, दोन्हींपैकी कशात जीव ओतू? प्रश्नच चुकलाय. रागावू नकोस, नोकरीभर मीही हाच प्रश्न विचारत आलो.

ही वाटणी तुझ्या साहेबांनी केलेली नाही. १९९२ साली रिओच्या परिषदेत हवामानाचा करार वेगळा मांडला गेला आणि जैवविविधतेचा वेगळा. तेव्हापासून परिषदा दोन, तज्ज्ञ दोन तऱ्हेचे, अहवालांचे ढीगही दोन. हवामान आणि जैवविविधता या दोन्ही जागतिक मंडळांच्या शास्त्रज्ञांचा पहिला संयुक्त अहवाल आला तो २०२१ मध्ये. मग ऑफिसात दोन टेबलं असली तर नवल कसलं!

आता माझं ऐक. उत्सर्जन भरून काढायला आमच्या कंपनीनं झाडं लावायचं ठरवलं. जमीन ‘पडीक’ म्हणून निवडली आणि कागदावर सही माझी होती. प्रत्यक्षात तो गवताळ माळ होता. झपाट्यानं वाढणारी एकाच जातीची झाडं ओळीनं लावली, शोषलेल्या कार्बनचे टन मोजले, अहवाल छापला. काही वर्षांनी बघायला गेलो तर झाडं होती, बाकी काही नव्हतं. गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी गेले होते. जवळचा ओढा लवकर आटू लागला होता. तिथं गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “साहेब, नेमकं इथंच का?” नकाशावर मोकळं दिसलं म्हणून, हे सांगायला माझी जीभ रेटेना. शिवाय गवताचा कार्बन बराचसा मुळांत आणि मातीत असतो. खड्डे खणताना, जमीन उलथताना त्यातला किती सुटला, ते आम्ही मोजलंच नव्हतं.

तेव्हा सगळेच हेच करत होते, हे खरं आहे. मी सही केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, हेही खरं. तरी म्हाताऱ्याचा प्रश्न माझ्या आधी कुणीतरी विचारायला हवा होता, आणि ते काम माझंच होतं.

म्हणून सांगतो, आधी ‘कुठे’ ते विचार. टनभर कार्बन डायऑक्साइड कुठल्याही धुराड्यातून सुटला तरी हवेला सारखाच, म्हणून कार्बनवाल्यांना ‘किती’ एवढं पुरतं. जीवसृष्टीला पत्ता असतो. इथला बेडूक मेला त्याची भरपाई तिथल्या हरणानं होत नाही. आणि पत्ता शोधायला निघालीस की दोन्ही खाती बहुतेक वेळा एकाच दारात भेटतात. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचे थर साठलेल्या, दलदली घे. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के जागा, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून नाही इतका कार्बन त्यांच्या पोटात आहे. पामची लागवड करायला चर खणून तिथलं पाणी काढलं की तो कार्बन वर्षानुवर्षं हवेत झिरपत राहतो आणि त्या ओलीवर जगणारे जीवही त्याच चरापायी नाहीसे होतात. आपण पामतेल विकत घेतो तेव्हा तो चर कुठे आहे, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

ते कळतं खरेदी विभागात. पर्यावरण विभागात बसून राहू नकोस, तिथं फक्त पोस्टर छापतात. खरेदीवाले टाळतील, पुरवठादार ‘गोपनीय’ म्हणतील. पुन्हा विचार: कुठे? सौर प्रकल्पाची फाइल आली तरी तेच. छपरावर, वापरात असलेल्या जागेवर, की जिवंत माळावर? पवनचक्क्या पक्ष्यांच्या वाटेत तर नाहीत? कंपन्यांनी निसर्गाशी निगडित आपले धोके उघड करावेत यासाठी २०२३ मध्ये जी जागतिक चौकट आली, तिची पहिली पायरीही जागा शोधण्याचीच आहे. मला ते वाचून बरं वाटलं, थोडा रागही आला. इतका उशीर!

एक मात्र बजावतो. ‘निसर्ग जपतोय’ म्हणून बॉयलरचा कोळसा चालू ठेवायची पळवाट कुणाला देऊ नकोस. आपण सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण निम्मा जमीन आणि समुद्र आजही शोषून घेतात. तापमान वाढत गेलं तर त्यांचीच ताकद घटते, मग लावलेलं जंगलही पेटतं. आधी हानी टाळायची, मग कमी करायची, मग बिघडलेलं सावरायचं. क्रेडिट, म्हणजे दुसऱ्यानं वाचवलेल्या कार्बनचा दाखला, विकत घेणं सगळ्यात शेवटी, आणि तेही कुठलं ते बघून.

‘साहेबांना हे पटेल का?’ असं तू लिहिलंयस. पटणार नाही, निदान पहिल्या बैठकीत तरी नाही. कच्च्या मालाचं पाणी कुठून येतं, पिकावर परागीभवन करणारे कीटक कुठे राहतात, ते नकाशावर दाखव आणि ते गेले तर माल कुठून आणायचा, एवढंच विचार. आवाज चढवू नकोस. मी चढवायचो, त्यानं काही झालं नाही.

पुढच्या पत्रासोबत अहवाल पाठवू नकोस. खर्चाच्या हिशोबानं पहिल्या दहा कच्च्या मालांची यादी पाठव, प्रत्येकासमोर जागा लिहून. ज्याची जागा सापडणार नाही तिथं कोरं सोड. ‘विविध पुरवठादार’ असं लिहून रकाना भरू नकोस. मी भरायचो.

तुझा,
काका