खरखर, खडबड की फिनिश?

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणीचं काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: 'मशीनजवळच्या मराठी सूचनाफलकावर सरफेस रफनेससाठी काय लिहावं? खडबडीतपणा, रुक्षता, की सगळे म्हणतात तसं फिनिशच?'

ताई, माझं मत 'खरखर'. शाळेत घर्षणाच्या धड्यात 'खडबडीत पृष्ठभाग' भेटतो, म्हणून तो शब्द आधी सुचतो. पण खडबडीत रस्ता लांबूनही दिसतो, खरखरीत घोंगडं हात फिरवल्यावरच कळतं. लेथवर कातलेल्या जॉबचं, म्हणजे भागाचं, हे दुसऱ्यासारखं आहे. 0.8 मिलिमीटर नोज रेडियसच्या (टोकाच्या गोलाईच्या) टूलला फेऱ्यामागे 0.2 मिलिमीटर फीड दिला, म्हणजे तेवढं पुढे सरकवलं, तर टूलच्या रेघांची शेंड्यापासून तळापर्यंतची उंची हिशेबाने सुमारे 6 मायक्रॉन येते. फीड निम्मा केला की ती पाव होते. प्रत्यक्षात थोडी जास्तच भरते. एवढ्याशा रेघाही नखाला लागतात, म्हणून तर कम्पॅरेटर पट्टीवर (तिच्यावर ठरावीक खरखरीचे नमुने असतात) आणि जॉबवर आळीपाळीने नख ओढून अंदाज घेतात.

रफनेस टेस्टरही हेच करतो, फक्त नखाऐवजी हिऱ्याची सुई असते, टोकाची त्रिज्या 2 किंवा 5 मायक्रॉन. इथे कट-ऑफ महत्त्वाचा. तो 0.8 मिलिमीटर ठेवला, तर त्याहून लांब चढउतार गाळले जातात आणि उरते ती खरखर. गाळलेल्या चढउतारांना 'लाटा' म्हणावं, 'लहरीपणा' म्हटलं तर मशीनच्या स्वभावाबद्दल बोलल्यासारखं होईल! लाटा सहसा मशीनच्या थरथरीतून किंवा जॉब वाकल्यामुळे येतात. खरखर, लाटा आणि रेघांची दिशा मिळून जे होतं त्याला 'पोत' हा सोलापुरात कुणालाच समजावून सांगावा लागणार नाही असा शब्द आहे, चादरीचा पोत तर आपण बोटांनीच पारखतो. 'रुक्षता' मला नको वाटते. मराठीत ती माणसाच्या बोलण्यात असते, नाहीतर कातडीत.

'फिनिश' बोलायला ठीक, पण फलकावर घोटाळा करतो. फिनिश वाढवा म्हणजे टेस्टरवरचा आकडा कमी आणा. 'फिनिश 1.6 पेक्षा कमी नको' हे वाक्य नवा मुलगा बरोबर उलटं वाचेल. खरखर वाढली की आकडाही वाढतो, शब्द आणि आकडा एकाच दिशेने जातात.

टेस्टरवरचा हा आकडा सहसा आरए (Ra) असतो, ती मात्र मधल्या रेषेपासूनच्या चढउतारांची सरासरी आहे. उंच शेंडे असलेला आणि खोल खळगे असलेला, असे दोन पृष्ठभाग एकच आरए दाखवू शकतात. खळग्यांत तेल टिकतं, शेंडे समोरच्या भागाला घासतात. ड्रॉइंगवर आरझेड (Rz, शेंड्यापासून तळापर्यंतची उंची) मागितलं असेल तर तेही वेगळं लिहा.

फलकावर एवढं पुरे: 'खरखर (आरए) 1.6 मायक्रॉनपेक्षा जास्त नको. कट-ऑफ 0.8 मिलिमीटर. सुई रेघांना आडवी फिरवावी.'